नव्या गुग्गुळाची डबी : लष्कर भागातलं एक प्रकरण

जूनचा दुसरा आठवडा. ग्वाल्हेरचा पारा पंचेचाळिसाच्या आसपास आणि इथल्या लष्कर भागातल्या माझ्या चिकित्सालयात कुणी फिरकू नये अशी दुपारची वेळ. काकू डोक्यावरून पदर घेऊन आल्या, बसल्या आणि दोन्ही हात पुढे केले. कोपराच्या आतल्या बाजूला, मानेवर आणि पोटावर लाल चट्टे होते, खाजवून खाजवून काही ठिकाणी सोलवटलेले. "घामोळं असेल म्हणून आठवडाभर पावडर लावली. जातच नाही." मग जरा थांबून, "आणि डोकं पुन्हा धरायला लागलंय. पण वजन दोन किलो उतरलं हं ताई!"

ते शेवटचं वाक्य सांगताना त्यांचा चेहरा खुलला होता. म्हणूनच पुढचं सगळं सांगणं मला जड गेलं.

रुग्णाच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील वगळून हे लिहिते आहे. लिहिण्याचं मुख्य कारण आधीच सांगते. मार्चच्या सुरुवातीला एका मुंजीच्या पंगतीत याच काकूंनी मला विचारलं होतं, "मेद उतरवायला गुग्गुळ घेतला तर चालेल ना?" गुग्गुळ म्हणजे एका झुडपाचा डिंक, धुपात जाळतात आणि आयुर्वेदात औषध म्हणूनही देतात. मी म्हणाले, "गुग्गुळ चांगलाच." त्यांना आणखी कोणती औषधं चालू आहेत, हे विचारलं नाही. कोणता गुग्गुळ, किती, कशाबरोबर, हेही नाही. वैद्याच्या तोंडून पंगतीत निघालेला शब्दसुद्धा घरी औषध म्हणूनच पोहोचतो. तो तसाच पोहोचला.

आता मूळ स्थिती. वय ४८, उंची १५४ सेंटिमीटर, फेब्रुवारीत वजन ७४ किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३१ च्या थोडा वर. आपल्याकडे २३ पासून अतिवजन आणि २५ पासून स्थूलता धरतात, बायकांच्या कमरेची मर्यादा ८० सेंटिमीटर मानतात. काकूंची कंबर ९७ होती. रक्तदाब १३८/८८. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतल्या साखरेची सरासरी, ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. रक्तातल्या चरबीपैकी ट्रायग्लिसराइड २१२, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल ३८, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल १३८. कंबर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल, रक्तदाब आणि उपाशीपोटीची साखर या पाच खुणांपैकी तीन बिघडल्या की आधुनिक वैद्यक त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतं. काकूंच्या पहिल्या चार बिघडलेल्या होत्या. त्यांच्या फिजिशियननी आहार आणि चालणं सांगून तीन महिन्यांनी बोलावलं होतं.

आणखी एक गोष्ट काकूंच्या पिशवीतल्या डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठीवर होती आणि मी मुंजीत विचारली असती तर तेव्हाच कळली असती. अर्धशिशीसाठी पाच वर्षांपासून प्रोप्रानोलॉल, ४० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. या गोळीवर अर्धशिशी दोन महिन्यांतून एखादेवेळी यायची. एप्रिलच्या मध्यापासून ती वाढली. मे महिन्यात चार वेळा आली, त्यात एकदा ओकाऱ्या होऊन दिवसभर अंधाऱ्या खोलीत पडून राहावं लागलं. उन्हाळा आहे, लग्नसराईची जागरणं आहेत, असं घरच्यांनी मानलं. फिजिशियनच्या मनात गोळीची मात्रा वाढवायचं होतं.

"गुग्गुळाचं डॉक्टरांना सांगितलंत का?"

"त्यांना काय सांगायचं ताई, ते थोडंच औषध आहे? आपलं घरचं."

गुग्गुळ सुरू झाला तो पाडव्याला. मुरैन्याच्या भावजींनी, म्हणजे नणंदेच्या यजमानांनी, ओळखीच्या व्यापाऱ्याकडून कच्चा गोंद आणून दिला होता. रोज सकाळी हरभऱ्याएवढी गोळी कोमट पाण्याबरोबर. पहिल्याच आठवड्यात जुलाबासारखं होऊ लागलं. "पोट साफ होतंय, आतलं सगळं निघतंय," म्हणून त्या खूश होत्या. मेच्या मध्यावर पुण्याच्या मुलाने गुग्गुळाच्या अर्काच्या कॅप्सूल पाठवल्या. त्या दिवसाला दोन, आणि गोंदाची गोळी होतीच. मेच्या शेवटी चट्टे उठले.

मी डबी मागवली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेने आणून दिली. स्टीलची, हळदी-कुंकवात मिळते तशी छोटी डबी. आतला माल मी पांढऱ्या कागदावर ओतला. काही खडे मेणासारखे मऊ, सोनेरी झाक असलेले तपकिरी, नखाने दाबले की खळगा पडणारे. काही पिवळट, काचेसारखे कडक. त्यात सालीचे कपटे आणि बरीचशी वाळू. आपल्या ग्रंथांत गुग्गुळाची साधी कसोटी आहे: तो विस्तवावर जळतो, उन्हात पाघळतो आणि कोमट पाण्यात दुधासारखा होतो. दोन वाट्यांत कोमट पाणी घेतलं. मऊ खडा टाकला तशी पाण्यात दुधाची रेघ सुटली आणि घटकाभरात पाणी पांढुरकं झालं. कडक खडा मात्र तळाशी तसाच बसून राहिला आणि त्याला टर्पेंटाइनसारखा वास आला. माझ्या अंदाजाने तो सालईचा डिंक असावा. श्योपुर, शिवपुरीच्या जंगलांत सालई भरपूर आहे, आणि महाग गुग्गुळात स्वस्त डिंक मिसळणं हे जुनंच दुखणं आहे. प्रयोगशाळेत मी तपासून घेतलं नाही, म्हणून अंदाज म्हणते.

म्हणजे पोटात काय जात होतं? निम्मा गुग्गुळ, निम्मा दुसरा डिंक, थोडी वाळू. आणि जो गुग्गुळ होता तोही शोधन न केलेला. त्रिफळ्याच्या काढ्यात, गोमूत्रात किंवा दुधात शिजवून, गाळून, आटवून घेतल्याशिवाय गुग्गुळ पोटात द्यायचा नाही, हे विद्यार्थिदशेत आमच्याकडून घोकून घेतलेलं असतं. शिवाय तो मऊ, ओला, ताजा होता. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात स्पष्ट म्हटलं आहे की नवा गुग्गुळ बृंहण करतो, शरीर भरतो. लेखन करतो, मेद खरवडतो तो जुना. मेद उतरवायला म्हणून आणलेला माल त्याच कामाच्या उलट जातीचा निघाला. भर म्हणून ऋतू ग्रीष्म. गुग्गुळ घेणाऱ्याने ऊन, आंबट, तिखट, मद्य, राग टाळावा असं तिथेच सांगितलं आहे, आणि काकू रोज सकाळी गोळी घेऊन अकरा वाजता दौलतगंजात भाजीला जात होत्या.

एवढं सगळं वैद्य म्हणून मला दिसत होतं. पण एलडीएलचा आकडा याने उलगडेना. जूनमध्ये तो १६१ आला होता, फेब्रुवारीपेक्षा २३ ने वर. गुग्गुळ म्हणजे कोलेस्टेरॉलचं औषध अशी आमची ठाम समजूत असते, आणि ती हवेतून आलेली नाही. १९६६ साली बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाच्या वर्णनावरून प्रश्न घेतला आणि कोलेस्टेरॉल खाऊ घातलेल्या सशांना गुग्गुळ देऊन पाहिला. रक्तातली चरबी उतरली. पुढे त्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या महासंचालक झाल्या. त्या कामातूनच वाट निघून लखनौच्या केंद्रीय औषधी अनुसंधान संस्थेत गुग्गुळिपिड हे गुग्गुळाच्या अर्काचं औषध तयार झालं आणि १९८०च्या दशकात ते बाजारात आलं. १९९४ मध्ये ६१ रुग्णांवर २४ आठवड्यांचा अभ्यास झाला, त्यात एलडीएल १२.५ टक्के उतरलं. मी कॉलेजात असताना हे आकडे आम्ही अभिमानाने सांगायचो.

२००३ चा फिलाडेल्फियातला अभ्यास मात्र आम्ही क्वचित सांगतो. १०३ माणसं, आठ आठवडे, काहींना गुग्गुळिपिड आणि काहींना नुसती बिनऔषधी गोळी. बिनऔषधी गोळीवाल्यांचं एलडीएल ५ टक्के उतरलं. गुग्गुळवाल्यांचं ४ ते ५ टक्के वाढलं. आणि सहा जणांच्या अंगावर पुरळ उठलं. हा निबंध मी पूर्वीही वाचला होता आणि "त्यांच्या लोकांचा आहार वेगळा" म्हणून बाजूला सारला होता. काकूंचे चट्टे आणि १६१ चा आकडा समोर ठेवून तो पुन्हा वाचला तेव्हा तसं सारता येईना.

राहिली अर्धशिशी. त्याचं उत्तर १९९४ च्याच एका लहान भारतीय अभ्यासात होतं: निरोगी माणसांना गुग्गुळिपिड दिलं तेव्हा प्रोप्रानोलॉल आणि डिल्टियाझेम या दोन्ही औषधांची रक्तातली पातळी घटली. म्हणजे काकूंची रोजची गोळी पोटात जात होती, पण पूर्ण कामाला येत नसावी. पाडव्याला गुग्गुळ सुरू झाला आणि एप्रिलच्या मध्यापासून डोकं धरू लागलं, हा हिशेबही जुळतो. ऊन आणि जागरणं आपला वाटा उचलत असतीलच. पण मागच्या चार उन्हाळ्यांत असं झालं नव्हतं, हे काकूंनीच आठवून सांगितलं.

मी त्याच संध्याकाळी फिजिशियनना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ठरलं ते असं: गोंद आणि कॅप्सूल दोन्ही आजपासून बंद, प्रोप्रानोलॉल आहे त्याच मात्रेत चालू, वाढवायची नाही आणि मनाने थांबवायचीही नाही, कारण ही गोळी एकाएकी सोडणं धोक्याचं असतं. खाजेसाठी त्यांनी चार दिवसांची गोळी दिली. थायरॉइडची तपासणी मी सुचवली, कारण इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठात उंदरांवर झालेल्या कामात गुग्गुळाने टी३ हे थायरॉइडचं संप्रेरक वाढल्याचं दिसलं होतं. ती ठीक आली.

बारा दिवसांत चट्टे गेले. जुलाब दोन दिवसांतच थांबले होते. जुलैत अर्धशिशी एकदा आली, ऑगस्टमध्ये नाही. गुग्गुळ पुन्हा देऊन पाहण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे कारण शंभर टक्के सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. पण वैद्यकात इतकं स्पष्ट उत्तर रोज मिळत नाही.

आणि ते उतरलेले दोन किलो? जूनमध्ये वजन ७२ होतं, पण मी फीत लावली तेव्हा कंबर ९६ भरली. पाडव्यापासून फक्त एक सेंटिमीटर. जुलाबाने गेलेलं पाणी आणि मळमळीने सुटलेलं जेवण काट्यावर दिसत होतं. पोटावरचा मेद जागेवरच होता. हे सांगताना काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे अडीच महिने फुकट?" त्या दिवशी मी त्यांना काही लिहून दिलं नाही, नुसता चहा दिला. बिनसाखरेचा दिला, आणि त्यावरूनच पुढचं बोलणं निघालं: घरी दिवसाला सहा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर.

पुढच्या भेटीत मी सुश्रुतसंहितेचं सूत्रस्थान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. पंधराव्या अध्यायात स्थूल माणसाच्या उपचारांचं एक वाक्य आहे. त्यात गुग्गुळ आहेच. पण त्याच्या मागेपुढे शिलाजित, गोमूत्र, त्रिफळा, लोहचूर्ण, रसांजन, मध आहेत; आणि मग जव, मूग, कोद्रू, श्यामाक अशी धान्यं आहेत; आणि शेवटी व्यायाम आणि लेखन बस्ती, म्हणजे मेद खरवडणारा औषधी एनिमा. एका दमात सांगितलेलं हे सगळं. आपण त्यातून बाटलीत भरता येईल तेवढा एक शब्द उचलला. १९९४ च्या ज्या अभ्यासाचा आम्ही अभिमान बाळगतो, त्यातही रुग्णांना फळं-भाज्यांचा आहार देऊन त्याच्या जोडीला गुग्गुळिपिड दिलं होतं. धान्य, डाळ आणि चालणं काढून घेतल्यावर उरलेल्या गुग्गुळाकडून इतकी अपेक्षा ठेवणं हा सुश्रुतांवरही अन्याय आहे आणि गुग्गुळावरही. हे मी माझ्या व्यवसायबंधूंना उद्देशून म्हणते, काकूंना नाही.

काकूंच्या ताटात काय होतं, ते आठवडाभर लिहून आणायला सांगितलं. त्यांनी मुलीच्या जुन्या वहीत नेटकं लिहून आणलं. बेडई (डाळ भरलेली पुरी) आणि जलेबी आठवड्यातून तीनदा, ती "यांना लागते म्हणून". दुपारी पोळ्या चार. सगळ्यांत बोलका मजकूर उपवासांचा होता. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या. महिन्यातले दहा-अकरा दिवस साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, दाण्याचे लाडू, वर गोड दही. "उपास करूनसुद्धा वजन वाढतं," ही तक्रार मी ग्वाल्हेरच्या आपल्या मराठी घरांतून इतक्यांदा ऐकली आहे, आणि दरवेळी उत्तर त्या खिचडीच्या कढईतच सापडतं.

उपवास सोडा असं मी सांगितलं नाही. ते त्यांच्या आईपासून चालत आले आहेत, त्यावर वैद्याने हात टाकू नये. पण सुश्रुतांचा श्यामाक म्हणजे सावा, आणि आपल्या किराणा दुकानात तो "समा के चावल" म्हणून उपवासासाठीच मिळतो! तेव्हा साबुदाण्याच्या जागी समा, दाण्याचं कूट एक चमचा, सोबत ताकातली काकडी. बेडईच्या तीन सकाळींपैकी दोन दिवस मुगाची धिरडी. दुपारी दोन पोळ्या, त्यातली एक जवाच्या पिठाची. चहा तीन, अर्धा चमचा साखर. मध्येच भूक लागली तर जवाचा सत्तू, ताकात, मीठ-जिरं घालून. चालणं सकाळी बैजाताल आणि इटालियन गार्डनच्या बाजूला, आधी वीस मिनिटं, दिवाळीपर्यंत पंचेचाळीस. जवाची पोळी घरात दुसऱ्या कुणी खाईना, म्हणून काकूंना दोनदा कणीक भिजवावी लागे. हा त्रास छोटा नव्हे. सुनेने तो दीड महिन्यानंतर आपल्याकडे घेतला, आणि माझ्या मते तिथून खरा फरक पडला.

औषध म्हणून मी काहीच दिलं नाही. नवक गुग्गुळ, त्रिफळा गुग्गुळ हे स्थौल्यात मी वापरते, शोधन केलेला जुना गुग्गुळ घालून बनवलेले, आणि निवडक रुग्णांत पुढेही वापरीन. पण प्रोप्रानोलॉल चालू असलेल्या आणि एकदा अंगावर पुरळ उठून गेलेल्या बाईला नाही.

ऑगस्टच्या अहवालात एलडीएल १४१ वर आलं, म्हणजे जवळजवळ मूळ जागी. वजन ७२.६. पाणी भरून निघाल्याने जूनपेक्षा थोडं जास्तच. कंबर मात्र ९४. काकूंनी त्या दिवशी काटा आणि फीत यांतला फरक आपणहून यजमानांना समजावून सांगितला. गणपतीत मोदक खाल्ले, खावेत. दिवाळीनंतर फराळाने एक किलो वाढलं आणि ते त्यांनी न लपवता वहीत लिहिलं.

डिसेंबरमध्ये वजन ६८.४, कंबर ९०, रक्तदाब १२८/८२. एलडीएल १२१, ट्रायग्लिसराइड १४८, एचडीएल ४२, एचबीए१सी ५.७. हे शेवटचे दोन आकडे अजून हवे तिथे नाहीत. ट्रायग्लिसराइड मर्यादेच्या आत जेमतेम आहे आणि कंबर ८० पासून दूर आहे. फिजिशियननी स्टॅटिनचा, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीचा, विचार मार्चपर्यंत पुढे ढकलला आहे. अर्धशिशी सप्टेंबरपासून एकदाच आली.

डबी माझ्याकडेच राहिली होती. त्यातला खरा गुग्गुळ मी वेचून वेगळा केला. तो फेकवेना, कारण हे झुडूप चंबळच्या दऱ्याखोऱ्यांतलं आहे, फार सावकाश वाढतं, आणि जास्त डिंक ओढायला म्हणून खोल चिरा पाडून त्यात लेप भरले की बऱ्याचदा सगळं झुडूपच वाळून जातं. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या लाल यादीत ते आज अतिसंकटग्रस्त म्हणून आहे. वजन उतरवण्याच्या नावाखाली कच्चा, बिनशोधनाचा, मात्रा न पाहता गिळलेला प्रत्येक खडा अशा एखाद्या झुडपाचा आहे, हे मी आता गुग्गुळ विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. त्याआधी विचारते, रोजच्या गोळ्या कोणत्या.

वेचलेला गुग्गुळ मी काकूंना परत दिला. मार्गशीर्षातल्या गुरुवारी त्यांच्याकडे हळदी-कुंकवाला गेले तेव्हा देवघरासमोर धुपाटण्यात निखाऱ्यावर त्यातलाच एक खडा ठेवलेला होता. आतून सुनेने समाचा भात आणून पुढे ठेवला. काकू म्हणाल्या, "ताई, मार्चच्या तपासणीला कंबर ८७ आणते, बघाच."